सूचनापत्रक हरवलेलं जेट जोडताना

जुन्या रिमोट कंट्रोल जेटच्या किटमध्ये सूचनापत्रक नसलं, तरी लाकूड बरंच सांगून जातं. बाल्साच्या आडव्या चौकटी गोंद न लावता बाजूच्या फळ्यांच्या खाचांत बसवून पाहाव्यात. नाकापासून शेपटीपर्यंतचा क्रम बहुतेक वेळा तिथेच उलगडतो. ठप्प्याने कापलेल्या जुन्या तुकड्यांच्या कडा चेपलेल्या असतात. त्यांना सँडपेपर हलक्या हातानेच लावावा, नाहीतर सांधा सैल पडतो.

खरा जीव आहे तो गुरुत्वमध्यात. पंखाच्या सरासरी रुंदीच्या 25 टक्क्यांवर, पुढच्या कडेपासून मोजून, सुरुवात करणं सुरक्षित. जेटचे पंख मागे झुकलेले असतात, म्हणून हे माप बुडाशी घेतलं तर पार चुकतं. नाक थोडं जड चालेल. शेपूट जड झालेलं जेट हवेत सावरणं फार अवघड. जुन्या किटमधल्या इंधनावरच्या इंजिनाऐवजी आता विजेवरचा डक्टेड फॅन बसवता येतो. मात्र बॅटरीच्या वजनाने तोल बदलतो, तेव्हा तिची जागा सगळ्यात शेवटी पक्की करावी.

जोडलेलं जेट गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्यात उडवायचं असेल, तर तिथून गोंदियाचा बिरसी विमानतळ 12 किलोमीटरांच्या निर्बंधित पट्ट्याहून बराच लांब आहे. ड्रोन नियम 2021 नुसार हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उडवता येतं, पण हवाई क्षेत्राचा सरकारी नकाशा आधी पाहावाच. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जवळ आहे. त्याच्या हद्दीकडे विमान वळवूच नये.