गोवर जातो, खोकला राहतो

पावसाळा सरू लागला, की आमोण्यासारख्या मांडवीकाठच्या गावात मुले खोकू लागतात आणि घरातील वडीलधारी माणसे हा हवेचा गुण म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. पुष्कळदा त्यांचे खरेही ठरते. परंतु गोवर, डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया यांतून उठलेल्या मुलाचा ओला खोकला चार आठवडे उलटूनही थांबत नसेल, तर दोष हवेला देऊन भागत नाही.

स्टेथोस्कोपचा जनक फ्रेंच वैद्य लेनेक याने १८१९ मध्येच अशा एका विकाराचे वर्णन केले होते. संसर्गाने श्वासनलिकांच्या भिंती दुबळ्या होतात व नलिका फुगतात. फुगलेल्या नलिकेत कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू माजतात आणि ते भिंती आणखी पोखरतात. निचरा तुंबलेल्या कुळागराची जी गत, तीच येथे.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. अ‍ॅडेनोव्हायरससारख्या विषाणूने झालेल्या न्यूमोनियानंतर कधी कधी अगदी बारीक श्वासनलिका व्रण भरताना आतून बुजून जातात. मूल धापा टाकते, छातीत सूं सूं वाजते आणि घरचे त्याला दमेकरी ठरवितात. दम्याची आवळलेली नलिका औषधाने सैल पडते. व्रणाने बुजलेली सहसा तशी पडत नाही. म्हणून दम्याच्या औषधाने उतार नसलेले मूल डिचोलीच्या आरोग्य केंद्रात वा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखविणे अगत्याचे आहे. पाचसहा वर्षांच्या पुढील मुलाला यंत्रात फुंकावयास लावून श्वासाची शक्ती मोजता येते.

ही घाई कशासाठी? बालपणी फुफ्फुसांत नवे वायुकोश तयार होत असतात. श्वासाची शक्ती विशीच्या सुमारास शिखर गाठते आणि पुढे उतरणीलाच लागते. ज्याचे शिखरच ठेंगणे राहिले, त्याला प्रौढपणी धाप लवकर गाठते. बुजलेली नलिका परत उघडत नाही हे खरे. पण फुगू लागलेली नलिका लहान वयात, वेळीच उपचार झाल्यास, पूर्ववत होऊ शकते, आणि शाबूत भागाची वाढ तर राखता येतेच.

त्यासाठी छातीतील कफ रोज मोकळा करण्याची रीत शिकून घ्यावी लागते, प्रतिजैविकांचा क्रम मध्येच सोडून चालत नाही, आणि चुलीचा व विडीचा धूर, तसेच खनिजाच्या वाहतुकीची धूळ मुलापासून दूर ठेवावी लागते. गोवराची लस पूर्वीपासून आहेच. न्यूमोकोकसची लसही २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मिळते.

काळजीपोटी घरचे अशा मुलाला खेळूच देत नाहीत. वास्तविक ताप नसताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, धावण्याखेळण्याने त्याचा कफ सुटावयास मदतच होते.