मायेची खुर्ची, पण लेबल कुठंय?

दिवाळीत आमची नणंद अमेरिकेहून माहेरी, सिंदेवाहीला आली. धाकट्या जावेच्या आठ महिन्यांच्या लेकीसाठी तिने आपल्या मुलाची कार सीट आठवणीने आणली होती. दोन दिवसांनी सगळ्यांना गाडीने नागपूरला बारशाला जायचं होतं.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "लेकराले काहून बांधता जी? मांडीवर घेऊन बसा न!"

पण मैत्रिणींनो, धावती गाडी अचानक थांबली तर मांडीवरचं बाळ हातात राहत नाही, आईची पकड कितीही घट्ट असो. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट न लावता नेलं तर 1000 रुपये दंड आहे.

माझा प्रश्न वेगळाच होता. "ताई, ही कंपनीने परत तर बोलावली नाही ना?"

दोष सापडला की कंपनी वस्तू परत घेते किंवा सदोष भाग बदलून देते. यालाच रिकॉल म्हणतात. 2014 मध्ये ग्रॅको कंपनीने अमेरिकेत लाखो कार सीट रिकॉल केल्या. खाऊचे कण, सांडून वाळलेलं पेय अडकलं की पट्ट्याचं बक्कल उघडायला जड जायचं. अपघातात बाळाला पटकन काढायचं कसं? कंपनीने नवं बक्कल फुकट दिलं.

तिथे सीटसोबत नोंदणीचं कार्ड येतं. ते भरून पाठवलं की रिकॉलची सूचना घरी येते. पण सीट दुसरीच्या घरी गेली, तर सूचना जाते पहिलीच्याच पत्त्यावर! आमच्या नणंदेनेही ती मैत्रिणीकडून घेतलेली.

तरी उपाय होता. सीटवरच्या लेबलवर मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख असते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या वेबसाइटवर कंपनी, मॉडेल टाकून पाहता येतं. आम्ही खुर्ची उलटी केली. लेबल खरवडून गेलं होतं, एक अक्षर लागेना.

नणंदेचा चेहरा उतरला. एवढ्या दुरून मायेने आणलेली वस्तू! मलाही जड गेलं, पण म्हटलं, "ताई, जे तपासता येत नाही, त्यात लेकरू कसं बसवायचं?"

जाऊ आणि बाळ घरीच राहिले. पुढे नवी सीट घेतली. बिल जपून ठेवलं, लेबलचा मोबाइलवर फोटो काढला, कंपनीकडे नोंदणी केली. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला धोकादायक माल परत घ्यायला लावण्याचा अधिकार दिला आहे. तक्रारीसाठी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

जुन्या खुर्चीचं काय? भंगारातून ती दुसऱ्या कुणाच्या लेकराखाली जायला नको, म्हणून नणंदेने स्वतःच कात्री घेतली आणि तिचे पट्टे कापले.

सासूबाई बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "बरं केलं वो बाई."