पहिल्याचा धूर, तिसऱ्याचा धक्का

चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची फायरिंग ऑर्डर बहुतेकदा 1-3-4-2 अशी असते. म्हणजे पहिल्या सिलिंडरमधला धूर संपत आलेला असतानाच तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि तिथून दाबाची लाट सुटते. तापलेल्या धुरातून ती सेकंदाला 500 मीटरहून जास्त वेगानं धावते. चौघांचा धूर एकत्र करणारं मॅनिफोल्ड आखूड असेल, तर ती पहिल्याच्या अजून न मिटलेल्या व्हॉल्व्हवर आदळते आणि निघालेला धूर पुन्हा आत ढकलते.

बिडाचं ओतीव मॅनिफोल्ड सहसा असंच आखूड असतं. स्वस्त पडतं, जागा कमी घेतं. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला पोलादाची स्वतंत्र, शक्यतो सारख्या लांबीची नळी मिळते. 4-2-1 रचनेत पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या आधी जुळतात. जोडीतल्या दोघांच्या धुरात क्रँकशाफ्टचा पूर्ण फेरा जातो, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याला बसत नाही. शिवाय लोंढा सांध्याशी पोचला की तिथून कमी दाबाची लाट मागे फिरते. ती वेळेवर आली तर उरलासुरला धूर ओढून नेते. ही वेळ नळीच्या लांबीवर आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या वेगावर ठरते. म्हणून रेसच्या गाडीचा हेडर रोजच्या गाडीला मानवत नाही.

माझदाच्या स्कायअ‍ॅक्टिव्ह-जी इंजिनात हे सगळं कसाला लागलं. कॉम्प्रेशन रेशो 14 वर न्यायचा होता, अडचण नॉकिंगची, म्हणजे जास्त तापलेलं मिश्रण आपोआप पेटण्याची. 750 अंशांचा धूर 10 टक्के जरी आत उरला, तरी 25 अंशांची ताजी हवा दाबली जाण्याआधीच सुमारे 70 अंशांनी तापते. त्यांनी लांबलचक, वळणं घेणारी 4-2-1 नळी बसवली. पण लांब वाटेत धूर निवतो आणि धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापायला उशीर होतो. थंड कन्व्हर्टर जवळपास निरुपयोगीच. मग थंड इंजिनात ठिणगी उशिरा टाकून धूर गरम ठेवला, आणि उशिराची ठिणगीही नीट पेट घ्यावी म्हणून पिस्टनच्या माथ्यावर खळगा केला. नळीच्या लांबीपायी पिस्टनचा आकार बदलला! अभियांत्रिकीतला हा हट्ट मला फार आवडतो.

आपल्या बीएस-6 पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टर बहुधा मॅनिफोल्डला चिकटून असतो, तोही लवकर तापावा म्हणूनच. तिथे बाजारातला हेडर चढवला की बरेचदा कन्व्हर्टरच निघून जातो आणि कार्बन मोनॉक्साईड थेट मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो. थोड्या ताकदीसाठी हे करू नये. मॅनिफोल्डला तडा गेलाच असेल, तर कन्व्हर्टर शाबूत राहील असंच नवं मॅनिफोल्ड बसवून घ्यावं.