मुरमातली उटकटारी

मुळशीत बाग करायची तर आधी पावसाशी जुळवून घ्यावं लागतं. ताम्हिणीकडे हंगामात पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो. पौड, पिरंगुटकडे यावं तसा तो झपाट्याने कमी होत जातो. उटकटारी मात्र कोरड्या माळाची. पुण्याच्या पूर्वेला पडीक रानात, रस्त्याकडेला ती कुणी न लावता उभी असते. पौडजवळच्या उतारावर तिला बागेत आणायचं, तर सगळी मेहनत पाणी घालण्यात नाही, पाणी घालवण्यात आहे.

म्हणून गादीवाफा उताराच्या दिशेने काढला. तळाला खडी, वर मुरूम, त्यात लाल माती थोडीच. शेणखत अजिबात नाही. बागेत काम करणाऱ्या मावशींना हे मुळीच पटलं नाही. "उपाशी ठेवायचं तर लावायचं कशाला?" म्हणत त्यांनी एका टोकाला गुपचूप दोन घमेली खत टाकलंच. त्या टोकाची झाडं इतरांच्या वर गेली, हिरवीगार झाली आणि फुलांच्या वजनाने आडवी पडली. मुरमातली ताठ उभी. मावशींनी आडव्या पडलेल्यांना काठ्या बांधल्या. खताचा विषय पुन्हा निघाला नाही.

बी थेट वाफ्यातच टाकावं, सप्टेंबरात पावसाचा जोर ओसरला की. सोटमूळ लवकर खोल जातं. पिशवीतून काढताना ते दुखावलं की रोप बसतं. पानं कातरलेली, टोकाटोकाला काटा, पाठीमागे पांढरी लव. खुरपताना जाड हातमोजे लागतातच.

फुलांचा चेंडू जवळून बघण्यासारखा. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो फुलांचा गोळा असतो. सूर्यफूल, झेंडूच्या कुळातलंच हे झाड, पण त्यांच्यात अनेक फुलकांना मिळून एक वेष्टन असतं. इथे प्रत्येक फुलकाला स्वतःचं, काटेरी. आणि उमलणं वरून खाली: माथ्यावर पांढरे तारे उघडतात तेव्हा खालच्या बाजूला अजून नुसते काटेच असतात. मधमाश्या वरच्या अर्ध्या भागावरच फिरताना दिसतात.

परदेशी बागांत मिरवणारी निळी जात, एकिनॉप्स रिट्रो, थंड प्रदेशातली आणि बहुवार्षिक. मुळशीच्या जुलैत तिच्या मुळाशी पाणी साचू देणं म्हणजे ती कुजवणंच. आपली पांढरी उटकटारी बहुधा एका हंगामाची. ती बियांतून परत येते. सह्याद्रीच्या उंच उतारांवर मोठ्या चेंडूची एक जात आहे, एकिनॉप्स सह्याद्रिकस. अलीकडेच ती वेगळी म्हणून नोंदली गेली. ती गडावर जाऊन बघावी. उपटून बागेत आणू नये.

फुलदाणीसाठी सुकवायची तर माथा उमलायच्या आत कापून उलटी टांगावी. उशीर झाला की चेंडू हातात सुटतो. बियांसाठी उलट करावं: चेंडू तपकिरी होऊन बोट लावताच विस्कटू लागेपर्यंत थांबायचं, मग खाली कापडी पिशवी धरून देठ कापायचा. प्रत्येक बी आपल्या तुसांसकट निघतं. चिमटीत दाबून बघावं, पोकळ लागलं तर टाकून द्यावं. भरीव बी निम्मं निघालं तरी पुढच्या वाफ्याला पुरून उरतं. उरलेले चेंडू झडायच्या आत विळ्याने उतरवावेत, नाहीतर पुढच्या वर्षी पायवाटेवर अनवाणी चालायची सोय राहत नाही.