टोपणाचं माप आणि सोयाबीनचा तांबेरा

ताईंनो, भादव्यात सोयाबीनच्या खालच्या पानांच्या मागं तपकिरी पुरळ दिसला आणि बोटाला भुकटी लागली, की समजायचं तांबेरा आला. कोल्हापूर-सांगलीची दमट हवा या बुरशीला मानवते. मग पंपात औषध किती? "एक टोपण." शेजारीण म्हणते, "दोन घाल, लवकर जाईल." खरंच जातो का?

कपडे धुताना बघा. चिमूटभर पावडरीनं मळ हलत नाही. थोडी वाढवली की निघतो. त्याच्या दुप्पट टाकली तर फेस वाढतो नि हात चुरचुरतात, कापड काही जास्त पांढरं होत नाही.

संशोधक हेच शेतात मोजतात. छोटे वाफे पाडून एकावर नुसतं पाणी, बाकीच्यांवर कमी, मध्यम, जास्त औषध फवारतात आणि पानांवरचा रोग मोजून आलेख काढतात. ती रेघ पन्हाळ्याच्या वाटेसारखी असते: आधी सपाट पायथा, मग घाट, वर पुन्हा पठार. अशी रेघ गणितात बसवायची एक पद्धत चेस्टर ब्लिस यांनी १९३४ साली मांडली. पठार सुरू झालं की पुढचं औषध म्हणजे वाया गेलेला पैसा, वर फवारणाऱ्याच्या अंगाला त्रास. घाटात अडकलं तर चिवट बुरशी जगते आणि तीच पुढं पसरते.

नुसत्या पाण्याचा वाफा मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. हवा कोरडी झाली की रोग आपोआपही मंदावतो. तो वाफा नसेल तर सगळं श्रेय औषधालाच जाईल.

आता आपला हिशेब. प्रोपिकोनॅझोल २५ टक्के लिटरला १ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५ मिली. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर औषध २०० मिली आणि पंप तेरा-चौदा. आपण उरकतो आठ पंपांत! पंपातलं माप बरोबर, पण एकराला पडलं १२० मिलीच. शिवाय तांबेरा खालच्या पानांपासून चढतो, आणि घाईची फवारणी शेंड्यावरच राहते.

टोपणं सगळी सारखी नसतात, म्हणून खुणा असलेलं मापाचं भांडं फवारणीसाठी वेगळं ठेवा. पोराच्या खोकल्याच्या औषधाचं माप चुकूनही घेऊ नका. बाटलीवरचा कागद वाचून घ्या. औषध बदललं की माप बदलतं.

पुढच्या हंगामाला बियाणं घेताना कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचा फुले संगम (केडीएस ७२६) विचारा. तो तांबेऱ्याला बराच तग धरतो. तरी पान उलटून बघायचं सोडू नका.