बाळाचे रात्रीचे अंथरूण: बेडसाइड क्रिब घेण्यापूर्वी काय पाहावे?

गेल्या हिवाळ्यात तळोदा तालुक्यातील एक आजी सुनेला आणि अकरा दिवसांच्या नातवाला घेऊन तपासणीसाठी आल्या होत्या. सुरतला कामाला असलेल्या मुलाने मोबाईलवर एका क्रिबचा फोटो पाठवला होता. आईच्या पलंगाला पट्ट्यांनी जोडायची, खाली चाके असलेली, घडी घालून पिशवीत भरता येणारी. "मागवू का?" असे त्याने विचारले होते. आजींना ते पटत नव्हते. "डॉक्टर, आमची सगळी पोरं झोळीत वाढली. याला पिंजरा कशाला?"

मुलाची काळजी रास्त होती आणि आजींचा प्रश्नही. नीट बसलेली बेडसाइड क्रिब उपयोगाची असते, विशेषतः सिझेरियन झालेल्या आईला. टाके दुखत असताना रात्री चार वेळा उठून वाकण्यापेक्षा हात लांबवून बाळाला जवळ घ्यायचे, पाजायचे आणि परत ठेवायचे, हे सोपे जाते. पण ही क्रिब ज्या पलंगासाठी बनवलेली असते, तसा पलंग नंदुरबार जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत नसतो. तिथे खाट असते किंवा जमिनीवरचे अंथरूण. म्हणून आधी बाळाला झोपेत धोका कशाचा असतो ते समजून घ्या. मग पाळणा कोणताही असो, तो तुम्हाला स्वतः तपासता येईल.

झोपेत बाळाचा श्वास का अडतो?

नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मान सावरणारे स्नायू कमकुवत असतात. तोंडावर दुपटे आले, नाक मऊ गादीत रुतले किंवा हनुवटी छातीला टेकली, तर मोठे माणूस झोपेतही मान वळवते. पहिल्या काही महिन्यांच्या बाळाला ते जमेलच असे नाही. त्याची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. पाण्याची रबरी नळी दुमडली की धार बारीक होते, तसेच मान पुढे वाकली की आत जाणारी हवा कमी होते. हे सगळे आवाज न होता घडते. "रडलं की जाग येईलच" या भरवशावर राहू नका. गुदमरणारे बाळ रडू शकत नाही.

काही बाळे कोणतेही कारण न सापडता झोपेत दगावतात. याला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम म्हणतात. पालथ्या झोपणाऱ्या बाळांमध्ये हे जास्त घडते असे दिसल्यावर अमेरिकेत 1994 मध्ये बाळाला उताणे झोपवण्याची मोहीम सुरू झाली. पुढच्या दहा वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले.

"उताणं झोपवलं तर दूध नाकात जाईल" ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. प्रत्यक्षात बाळ उताणे असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेले दूध आपल्या वजनाने परत अन्ननलिकेकडेच उतरते. पालथे असताना हेच उलट होते. कुशीवर ठेवलेले बाळ सहज पालथे होते, म्हणून झोपवताना कूसही नको. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा आणि मग उताणे ठेवा.

अंथरूण कसे असावे?

बाळाची झोपायची जागा सपाट, घट्ट, रिकामी आणि आईच्या हाताच्या अंतरावर असावी.

सपाट म्हणजे खरोखरच सपाट. बाळाला तिरके झोपवणारे झोके आणि गुबगुबीत आसने दुकानात छान दिसतात, बाळही त्यात लगेच झोपते. पण त्यात हनुवटी छातीवर उतरते किंवा बाळ वळून कापडात तोंड खुपसते. 2019 मध्ये अमेरिकेत असे सुमारे 47 लाख तिरके पाळणे परत मागवले गेले. तोपर्यंत त्यांत 30 पेक्षा जास्त बाळे दगावल्याची नोंद झाली होती. 2022 मध्ये तिथे 10 अंशांपेक्षा जास्त उतार असलेल्या झोपण्याच्या पाळण्यांवर कायद्याने बंदी आली. काही क्रिबमध्ये डोक्याकडची बाजू उंच करायची सोय असते आणि ती उलट्यांवर उपाय म्हणून सांगितली जाते. ती वापरू नका.

घट्ट आहे की नाही हे हाताने कळते. गादीवर तळवा दाबून उचला. खळगा तसाच राहिला तर गादी बाळासाठी मऊ आहे. दुहेरी घडी केलेली, कडा नीट खोचलेली जुनी सुती गोधडी महागड्या फोमपेक्षा पुष्कळदा चांगली ठरते.

रिकामी ठेवणे लोकांना सर्वात अवघड जाते, कारण अंथरूण सजवण्यात माया असते. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी, दोन्ही बाजूंना लोड, कडेला फोमच्या पट्ट्या, वर टांगलेली खेळणी. झोपताना यांतले काहीही नको. डोके एका बाजूने चपटे होत असेल तर दर वेळी त्याची दिशा बदला आणि बाळ जागे असताना समोर बसून थोडा वेळ पालथे खेळवा. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत झोपवताना काढून ठेवा. आजींना वाईट वाटेल हे मला माहीत आहे, पण गळ्यातला दोरा अडकून फास बसू शकतो.

अंतराबद्दल अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2022 ची सूचना अशी आहे की बाळ किमान पहिले 6 महिने आईबापांच्या खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावे. आपल्या बहुतेक घरांत खोली एकच असते, त्यामुळे अर्धे काम आधीच झालेले असते. राहते ते वेगळे अंथरूण.

क्रिब घेतलीच तर

पहिली गोष्ट फट. क्रिबची गादी आणि तुमची गादी एका पातळीत हवी आणि दोन्हींच्या मध्ये बोट शिरेल इतकीही जागा नको. जोडणाऱ्या पट्ट्या पलंगाच्या लोखंडी किंवा लाकडी सांगाड्याला आवळून बांधलेल्या हव्यात, गादीभोवती नुसत्या गुंडाळलेल्या नकोत. बांधून झाल्यावर क्रिब जोरात ओढून पाहा. फट पडली तर ती उशी किंवा चादर कोंबून बुजवू नका, कारण बाळ नेमके तिथेच अडकते. क्रिबच्या आतही गादी आणि कडा यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा नसावी. लाकडी गज असतील तर दोन गजांमधले अंतर पट्टीने मोजा. ते 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको.

खाटेला मात्र अशी क्रिब जोडू नका. खाटेची पट्टी किंवा दोरी मध्ये सैल पडते, तुम्ही कूस बदलली की तिची उंची बदलते आणि फट उघडते. क्रिबची चौथी बाजूही वर करून ती खाटेजवळ स्वतंत्र उभी करा. जी क्रिब चारही बाजू बंद करून उभी राहत नाही ती खाटवाल्या घराच्या कामाची नाही. सारवलेल्या जमिनीवर एखादा पाय अधांतरी राहतो, तेव्हा ती डुगडुगत नाही ना ते पाहा आणि चाकांना खिट्टी लावा. घडीच्या क्रिबची प्रत्येक कडी 'खट्' करून बसली पाहिजे. नातेवाइकांकडून आलेली जुनी क्रिब असेल तर एकही स्क्रू कमी नको, जाळी फाटलेली नको आणि गादी मूळचीच हवी.

बाळ वळायला लागले, हातांवर जोर देऊन उठू पाहू लागले किंवा खोक्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा गाठली की क्रिब बंद. हे पाचव्या-सहाव्या महिन्यात, कधी त्याही आधी होते. एवढ्या थोड्या दिवसांसाठी कर्ज काढून किंवा पगारातून उचल घेऊन ती आणण्याची गरज नाही, हे मी त्या आजींच्या मुलाला फोनवर सांगितले.

जमीन, खाट आणि झोळी

घरात पलंग नसेल तर मी पहिली पसंती जमिनीला देतो. आईच्या गोधडीशेजारी बाळाची वेगळी घट्ट गोधडी, खाली चटई, वरून मच्छरदाणी. पडायची भीती नाही. भीती असते ती साप-विंचवाची आणि पावसाळ्यातल्या ओलीची. मण्यारसारखे साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावतात. म्हणून मच्छरदाणी आई आणि बाळ दोघांवर एकच, ताणून लावलेली आणि चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली असावी. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी डासांना थांबवते. तिला तळ नसेल तर ती जमिनीवर पुरेशी नाही आणि तिची जाळी बाळाच्या चेहऱ्यावर लोंबता कामा नये. 2019 पासून सरकारी आरोग्यसंस्थेत पहिल्या बाळंतपणासाठी आलेल्या आयांना राज्य सरकारच्या योजनेतून बेबी केअर किट दिले जाते. त्यातली छोटी गादी आणि मच्छरदाणी यासाठी वापरता येईल. अंगणवाडीत विचारा.

झोळ पडलेल्या खाटेवर आई आणि बाळ एकत्र झोपणे मला सर्वात धोक्याचे वाटते. दोघेही मधल्या खळग्याकडे सरकतात.

झोळीबद्दल आजींशी मी वाद घातला नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या आईने बांधावरच्या झाडाला झोळी बांधली नाही तर बाळ मुंग्यांत आणि उन्हात पडेल. दिवसा, कोणाचे तरी लक्ष असताना, थोडा वेळ झोळी चालेल. मात्र तिला आडवी काठी लावून ती उघडी ठेवा, बाळाचा चेहरा दिसत राहू द्या आणि हनुवटी व छाती यांमध्ये दोन बोटे मावतील असे ठेवा. रात्रभरासाठी झोळी नको. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला दिवसाही नको. रिकामी झोळी वर गुंडाळून बांधा, कारण भावंडे तिच्याशी खेळताना गळ्याला पीळ बसून जीव गेल्याच्या घटना देशात अनेक ठिकाणी घडल्या आहेत.

फार लहान बाळ आणि सातपुड्यातली थंडी

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी गारठा हा मोठा शत्रू आहे. त्याच्या अंगाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असायला हवे. धडगाव, मोलगी किंवा तोरणमाळच्या जानेवारीत 1800 ग्रॅमच्या बाळाला एकट्याने क्रिबमध्ये ठेवा असे मी सांगणार नाही. अशा बाळाला एसएनसीयूमधून सोडताना कांगारू पद्धत शिकवली जाते. ती घरीही चालू ठेवा. बाळ आईच्या उघड्या छातीवर उभे, कापडी पट्ट्याने बांधलेले, मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळे आणि आई पाठीला आधार घेऊन अर्धवट बसलेली. आई थकली की वडील किंवा आजी छातीवर घेऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला 8 ते 24 तासांची आहे, जितके जास्त तितके चांगले.

पूर्ण वजनाच्या बाळाला थंडीत आपल्यापेक्षा एक कपडा जास्त घाला. सैल रजईऐवजी अंगाला बसणारे कपडे बरे. हातपाय गार लागले तरी घाबरू नका, पोट आणि छाती उबदार हवी. नंदुरबार-शहाद्याच्या मे महिन्यात उलटी चूक होते. पारा चाळिशीपार असताना बाळ टोपी, मोजे आणि दुपट्यात गुंडाळलेले असते. मान घामाने ओली लागली की कपडे कमी करा. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी आणि बंद खोलीतली धुरी मात्र कोणत्याही ऋतूत नको. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो आई-बाळ दोघांचाही जीव घेऊ शकतो.

रात्री पाजता पाजता डोळा लागणारच. तेव्हा भिंतीला टेकून किंवा सोफ्यावर पाजण्यापेक्षा सपाट अंथरुणावर पाजलेले बरे, कारण तिथे बाळ घसरून अडकत नाही. जाग आली की त्याला त्याच्या जागी ठेवा. दारू प्यायलेल्या, बिडी ओढणाऱ्या किंवा झोपेची गोळी घेतलेल्या माणसाने बाळाशेजारी झोपू नये, मग तो बाप असला तरी. होळीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि मोहाची बाटली फिरत असते. त्या रात्री बाळाची जागा आधीच ठरवून ठेवा.

आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. पहिल्याच भेटीत त्यांना बाळ रात्री झोपते ती जागा दाखवा. बाळ निळसर पडले, श्वास मध्येच थांबला, एका मिनिटात 60 पेक्षा जास्त वेळा श्वास घेऊ लागले, छाती आत ओढली जाऊ लागली, दूध ओढेनासे झाले किंवा पोट गार लागले तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर रस्त्यापर्यंत नेताना बाळाला झोळीत किंवा टोपलीत घालू नका. छातीशी उघड्या अंगाला लावा, वरून गोधडी घ्या आणि त्याचे नाक मोकळे आहे हे वाटेत पुन्हा पुन्हा पाहा.