खजुराची लागवड

खजूर (शास्त्रीय नाव: फीनिक्स डॅक्टिलिफेरा) हा ताड कुळातील, उष्ण व कोरड्या प्रदेशांत फळांसाठी लावला जाणारा वृक्ष आहे. इजिप्त, सौदी अरेबिया, इराण व इराक हे त्याचे प्रमुख उत्पादक देश असून भारतात गुजरातमधील कच्छ जिल्हा या पिकाचे मुख्य केंद्र आहे. महाराष्ट्रात रानोमाळ आढळणारी शिंदी ही खजुराच्याच प्रजातीतील वेगळी जाती असून तिच्या फळांत गर अत्यल्प असतो.

हवामान

खजुराचे पाय पाण्यात आणि डोके उन्हात असावे, अशा अर्थाची अरबी म्हण आहे. हे झाड अवर्षण व क्षारयुक्त जमीन सहन करते. मात्र चांगल्या उत्पन्नासाठी त्याच्या मुळांना नियमित पाणी लागते. फळ पिकताना पाऊस झाल्यास साल तडकते व फळ आंबते किंवा कुजते. त्यामुळे वर्षभरात पाऊस किती पडतो याइतकेच तो केव्हा पडतो, हेही महत्त्वाचे ठरते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत हा भेद स्पष्ट दिसतो. सह्याद्रीतील कोयनानगर येथे वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे खजुराचे पीक शक्य नाही. पूर्वेकडील माण, आटपाडी व जत हे तालुके पर्जन्यछायेत असून तेथील पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि त्याचा जोर प्रामुख्याने सप्टेंबरमध्ये असतो. तेथे ऊन पुरेसे आहे, उणीव पाण्याची आहे. कोयना नदी कराड येथे कृष्णेस मिळते आणि तेथून जवळच असलेल्या टेंभू उपसा सिंचन योजनेद्वारे कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत पोहोचते.

फळाच्या अवस्था

फळाच्या चार अवस्था मानल्या जातात: किमरी (हिरवे), खलाल (पिवळे किंवा लाल, कडक), रुताब (मऊ) आणि तमर (सुकलेले). कच्छमध्ये पावसामुळे फळ झाडावर सुकू शकत नाही. म्हणून ते खलाल अवस्थेतच उतरवून ताजे विकले जाते. तेथे या ताज्या फळास ‘खारेक’ म्हणतात. मराठीत मात्र ‘खारीक’ म्हणजे सुकवलेले फळ. मूळची इराकमधील बरही ही जात खलाल अवस्थेतही तुरट लागत नसल्याने ताज्या विक्रीस सोयीची आहे.

लागवड

खजुरात नर व मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात आणि मातृवृक्षाचे गुण टिकत नाहीत. म्हणून बुंध्याजवळचे फुटवे किंवा ऊतिसंवर्धित रोपे वापरतात. ८ × ८ मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे १५० झाडे बसतात. मादी फुलोरा उमलल्यावर थोड्याच दिवसांत नराचे पराग हाताने लावावे लागतात.

मर्यादा

ऊतिसंवर्धित रोपे महाग असतात आणि फळे धरण्यास साधारण चार-पाच वर्षे लागतात. लाल सोंड्या व गेंड्या भुंगा या किडींमुळे झाड मरू शकते. शिवाय खलाल फळे फार दिवस टिकत नाहीत. त्यामुळे पाण्याची खात्री आणि जवळची बाजारपेठ नसल्यास अवर्षणप्रवण भागातही हे पीक तोट्याचे ठरू शकते.